चान्हूदडोची वीट आणि आमच्या अंगणातली खोडी

आजचा भाग पुण्यातून नाही, थेट भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीतून. घरी आलोय, लॅपटॉप सोबत आहे, दिवसा ऑफिसचं काम आणि रात्री रेकॉर्डिंग. ऑडिओ ऐकणाऱ्यांना मागे अधूनमधून भुंकणं ऐकू येईल. तो आमचा टायगर. एरवी मी असले आवाज कापून टाकतो. यावेळी ठेवलेत, कारण आजचा विषय तोच आहे. म्हणजे तो, आणि त्याला भुंकायला लावणारी.

सुरुवात एका कबुलीनं करतो. सिंधू संस्कृतीवरचा आपला जुना भाग आठवत असेल. त्यात मी मोठ्या रुबाबात एक वाक्य ठोकून दिलं होतं, की कुत्र्या-मांजराचं वैर चार हजार वर्षं जुनं आहे आणि त्याचा पुरावा एका विटेवर छापलेला आहे. ते वाक्य आज मला मागे घ्यायचंय. वीट खरी आहे, पुरावाही खरा आहे. फक्त त्यातला 'वैर' हा शब्द माझ्या पदरचा होता. तो चुकला हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही. गेल्या महिन्यात आमच्या अंगणातल्या ओल्या सिमेंटनं सांगितलं.

आधी विटेकडे जाऊ.

विटेवरची धावपळ

चान्हूदडो हे सिंधमधलं हडप्पाकालीन गाव. मोहेंजोदडोच्या मानानं लहानसं, पण कारागिरांचं. मणी घडवणं, मुद्रा कोरणं, शंखाच्या वस्तू बनवणं असे उद्योग तिथं चालत. ननी गोपाल मजुमदार या भारतीय पुरातत्त्वज्ञांनी ते उजेडात आणलं आणि १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी तिथं मोठं उत्खनन केलं. खर्चात अमेरिकेतल्या बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाचा वाटा होता. या उत्खननात भट्टीत भाजलेली एक वीट मिळाली. तिच्यावर दोन जनावरांच्या पायांचे ठसे होते, एक मांजर आणि एक कुत्रा.

वीट कशी बनते हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. माती मळायची, साच्यात थापायची, साचा उचलायचा आणि कच्च्या विटा उघड्या मैदानात ओळीनं वाळत ठेवायच्या. ऊन लागून त्या टणक होईपर्यंत त्यांच्यावरून जे जाईल त्याची सही उमटते. कोंबडी, बकरी, कुत्रं, विटा थापणाऱ्यांची लहान पोरं, सगळ्यांची. मग भट्टी लागते आणि ती सही कायमची होते. आमच्याकडच्या भट्ट्यांवर धानाचा कोंडा जाळतात. बाकी पद्धत चान्हूदडोच्या कारागिराला दाखवली तर तो म्हणेल, यात नवीन काय आहे?

ठसे ओळखायचे कसे? मांजर चालताना नखं आत ओढून घेतं, त्यामुळे त्याचा ठसा गोलसर, चार बोटांचा आणि बहुधा नखांशिवाय असतो. कुत्र्याला नखं आत घेता येत नाहीत. त्याच्या लांबट ठशापुढे नखांचे टोचे दिसतात. मॅके यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. दोन्ही ठसे खोल होते आणि पंजे फाकलेले होते. सावकाश चालणाऱ्या जनावराचा पाय असा रुतत नाही, पळणाऱ्याचा रुततो. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की विटेवरून आधी मांजर पळालं आणि त्याच्या मागोमाग कुत्रा.

म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीचे काही सेकंद आपल्या हाती आहेत. सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही. त्या लोकांच्या राजाचं, असला तर, एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. पण तिथल्या एका मांजरामागे एक कुत्रा धावला, हे ठाऊक आहे. मला ही गोष्ट भयंकर आवडते. आवडते म्हणूनच मी तिला घाईघाईनं 'वैर' म्हणून टाकलं असणार.

अंगणातलं सिमेंट

आता आमचं अंगण. धान घरी आल्यावर बाबांनी विहिरीभोवतीची जागा सिमेंट करून घेतली. पावसाळ्यात तिथं चिखल होतो आणि आजीचा पाय घसरतो, म्हणून. मिस्त्री संध्याकाळी काम आटोपून गेला. सकाळी उठून पाहतो तर सिमेंटवर ठसे. पुढे बारीक गोल, मागे मोठे नखांचे. दोन्ही खोल, दोन्ही फाकलेले. मी तिथंच ब्रश तोंडात धरून उभा राहिलो. चान्हूदडोची वीट आमच्या विहिरीपाशी आली होती.

बाबांना त्यात इतिहास दिसला नाही, नुकसान दिसलं. आणि ते म्हणाले, "पाहा, काल रात्री टायगर तिच्या मागं लागला. एक दिवस मारते तिले, नाहीतर स्वतः विहिरीत पडते. उद्या चुंगडीत घालून नदीपलीकडं सोडून येतो तिले."

ती म्हणजे मांजर. तिला नाव नाही. शेजारच्या काकू तिला दूध देतात, आम्ही भात देतो, पलीकडच्या घरी ती झोपते. सगळ्या ओळीची आहे आणि कुणाचीच नाही. टायगर मात्र आमचा, रीतसर पट्टा बांधलेला. दिवसा साखळीला असतो, रात्री मोकळा. कुत्र्याचं नाव टायगर आणि मांजर वाघाची मावशी. तेव्हा भाच्याची खोडी काढायचा तिला हक्कच आहे, असं आजीचं म्हणणं. पण रात्रीच्या भुंकण्यानं दोन घरांतून तक्रार आली होती आणि बाबांचं ठरलं होतं.

गाडीसाठी म्हणून आम्ही अंगणाकडे तोंड करून एक साधा कॅमेरा लावलेला आहे. नोकरीतली सवय अशी, की काही बिघडलं की शेवटची ओळ पाहून कुणावर आरोप करायचा नाही, आधी मागचा लॉग उघडायचा. मी आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग काढलं.

पावणेदहाला टायगर पोत्यावर झोपलेला दिसतो. मांजर भिंतीवर येते, खाली उतरते आणि त्याच्यापासून दोन हातांवर बसून स्वतःचे पाय चाटत राहते. मग उठते, अलगद जवळ जाते आणि त्याच्या शेपटीच्या टोकावर पंजानं टप्पू मारून मागे उडी घेते. टायगर डोकं उचलतो, पाहतो, पुन्हा खाली ठेवतो. ती परत येते आणि परत टप्पू. तिसऱ्यांदा मात्र तो उठतो. पण झेप घेत नाही. पुढचे पाय जमिनीला टेकवतो, मागचा भाग वर ठेवतो आणि शेपूट हलवतो. मग ती पळते, विहिरीला वळसा घालून, ओल्या सिमेंटवरून. तो मागे. ती जामाच्या झाडावर चढते (पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात). तो खाली उभा राहून भुंकतो. हेच ते तक्रार आणणारं भुंकणं.

आणि पाच मिनिटांनी ती झाडावरून उतरून पुन्हा त्याच्या शेपटीपाशी जाते.

सिमेंटवर यातलं काय उमटलं? फक्त वळसा. पुढे मांजर, मागे कुत्रा. टप्पू उमटले नाहीत, झुकणं उमटलं नाही, तिचं परत येणंही उमटलं नाही. कॅमेरा नसता तर मीसुद्धा बाबांसारखंच म्हटलं असतं, की टायगर तिच्या मागे लागला. चान्हूदडोच्या विटेबद्दल मी नेमकं हेच केलं होतं. ठसे सांगतात की कोण पुढे होतं आणि कोण मागे. सुरुवात कुणी केली आणि पळणाऱ्याला भीती वाटत होती की मजा, हे ठसे सांगत नाहीत. तिथं खरोखर जीव घेणारा पाठलाग झालेलाही असू शकतो. मॅके यांनी धावण्यापुरतं लिहिलं, वैर मी जोडलं.

खेळ कशाला म्हणायचं?

इथं तुम्ही म्हणाल, बाबा रे, तुला खेळ दिसला कारण तुला खेळ पाहायचा होता. रास्त शंका आहे. कुत्री मांजरांना मारतात, दरवर्षी मारतात, गावात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मग फरक कसा करायचा?

पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर ठेवणं ही कुत्र्याची 'चल, खेळू' म्हणण्याची ठरलेली खूण आहे. अमेरिकन अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी तिच्यावर बरीच वर्षं काम केलं. कुत्रे, लांडगे, कोयोटे सगळे ती करतात. पुढे मी जे चावणार, ढकलणार आहे ते खरं धरू नकोस, असा तिचा अर्थ. शिकारीला निघालेला कुत्रा अशी सूचना देत नाही. तो मान खाली घालून, गप्प राहून, सरळ रेषेत येतो.

अडचण अशी की कुत्रा आणि मांजर यांची देहबोली वेगळी आहे. कुत्र्याचं शेपूट हलणं बहुतेकदा मैत्रीचं, मांजराचं शेपूट आपटणं चिडीचं. ओळख व्हायला कुत्रा तोंडाकडे नाक नेतो की मागे हुंगतो, मांजराला नाकाला नाक लावलेलं चालतं. इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचं निरीक्षण करून २००८ साली एक अभ्यास छापला. त्यात असं दिसलं की ही जनावरं एकमेकांची भाषा बऱ्यापैकी शिकतात, दुसऱ्याच्या खुणेचा आपल्या भाषेतला उलटा अर्थ न घेता बरोबर अर्थ घेतात. मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत असताना ओळख झाली तर जास्त चांगलं जमतं.

आमची मावशी पिल्लू होती तेव्हा टायगरही पिल्लूच होता. काकूंच्या पायरीवर दोघं एकाच वाटीतलं सांडलेलं दूध चाटायची, हे आजीला आठवतं. म्हणजे वरची अट आमच्या ओळीनं न ठरवताच पाळली होती. ओळीतल्या दुसऱ्या, अनोळखी कुत्र्यासमोर हीच मांजर दोन हातांवर बसत नाही. थेट कवेलूंवर चढते आणि उतरत नाही. खोडी कुणाची काढायची, याचा तिचा हिशोब पक्का आहे.

धान आलं, मांजर आलं

या दोघांची गाठ मुळात पडली कशी? कुत्रा माणसाबरोबर शेतीच्या आधीपासून आहे. जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेलला सुमारे १४,००० वर्षांपूर्वी माणसांबरोबर पुरलेला कुत्रा सापडला आहे. तेव्हा माणूस शिकार करून पोट भरत होता. मांजराचा मामला नंतरचा. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाच्या शेजारी पुरलेलं मांजर सापडलं, त्या काळात बेटावर शेतकरी येऊन वसले होते. धान्य साठायला लागलं, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आलं. कुणी पकडून आणलं नाही, ते स्वतःच आलं.

आपल्याकडचं पाहा. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं खोदकाम केलं आणि तीन हजार वर्षांमागचं आख्खं खेडं उजेडात आणलं. त्यात धान्याच्या कणग्या ठेवायचे ओटे आहेत, धान्याची पेवं आहेत आणि पाळीव कुत्र्याची हाडं आहेत. आजच्या मोहाडीतल्या घरात धान्याची ढोली आणि दारातला कुत्रा असतो, तसंच ते. ढोली म्हणजे बांबूची विणलेली आणि शेणामातीनं लिंपलेली कणगी. पूर्व विदर्भात धान हेच सगळं, त्यामुळे घराची खरी तिजोरी तीच.

म्हणजे अंगणावर पहिला हक्क कुत्र्याचा. तो राखणदार, त्याला हद्द असते. मांजर मागाहून आलेलं, त्याला हद्दीची पर्वा नाही, त्याला ढोलीखालचा उंदीर हवा. एकाला अंगण राखायचंय, दुसरीला अंगण ओलांडायचंय. रोज. मग हे कसं जमवायचं? आमची मावशी जे करते तेच. साखळी किती लांब आहे ते मोजायचं, कुत्र्याचा मूड तपासायचा, शेपटीला टप्पू मारून पाहायचं, झाड जवळ आहे ना याची खात्री ठेवायची. खोडी हा तिचा टाइमपास असेलही, पण त्यातून तिला रोजची रोज एक माहिती मिळते, की आज हा रस्ता मोकळा आहे का.

आपल्या भाषेनं हा फरक फार आधी टिपलाय. पाणिनीच्या व्याकरणात कायमचं वैर असणाऱ्या जोड्यांच्या समासासाठी वेगळा नियम आहे, आणि त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणं म्हणजे साप-मुंगूस आणि मांजर-उंदीर. मराठीतही खऱ्या हाडवैराला आपण साप-मुंगसाचं वैर म्हणतो. पण 'कुत्र्या-मांजरासारखं भांडतात' हे कुणाबद्दल म्हणतो? भावा-बहिणीबद्दल, नवरा-बायकोबद्दल, एका खोलीत राहणाऱ्या दोघांबद्दल. ज्यांना एकाच छपराखाली राहायचंय त्यांच्याबद्दल. दोन देशांच्या युद्धाला कुणी कुत्र्या-मांजराचं भांडण म्हणत नाही. मी पॉडकास्टवर इतिहास सांगतो आणि माझ्या आजीची भाषा मला आधी ऐकू आली नाही, याची थोडी लाज वाटली.

कुणाला ठेवायचं, कुणाला हाकलायचं

बाबांची चुंगडी तयार होती, म्हणून आता इतिहासातल्या दोन चुंगड्या सांगतो.

पहिली १८३२ ची, मुंबईची. सरकारनं बेवारशी कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायांना पैसे मिळत. पैसे म्हटल्यावर बेवारशी आणि पाळलेलं यातला फरक धूसर झाला. शिपाई लोकांच्या दारातली, घरातली कुत्रीही मारू लागले. जून महिन्यात पारशी मंडळी रस्त्यावर आली. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस मेल्यावर कुत्र्याची नजर त्याच्यावर पडावी म्हणून 'सगदीद' नावाचा विधीच आहे. इतर समाजही सामील झाले, बाजार बंद पडला, कोटातल्या इंग्रजी फौजेला रसद मिळेना. मुंबईतल्या आधुनिक काळातल्या सुरुवातीच्या दंगलींत या कुत्र्यांच्या दंगलीचं नाव घेतात.

दुसरी गोष्ट आपल्या विदर्भातली आणि मांजराची. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि देशभर पसरला. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं दाखवलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो. पुढे प्लेग संशोधन आयोगाच्या मुंबईतल्या प्रयोगांनी ते पक्कं केलं. मग उंदीर मारायच्या मोहिमा निघाल्या, पिंजरे, विष, बक्षिसं. त्या वेळी वऱ्हाडात अमरावतीला ब्युकॅनन नावाचे लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर होते. त्यांनी वेगळाच हिशोब मांडला. गावोगाव किती घरांत मांजर आहे हे मोजायचं आणि त्या गावात प्लेग किती झाला ते शेजारी लिहायचं. त्यांना असं दिसलं की जिथं मांजरं भरपूर, तिथं प्लेग कमी. १९०८ साली त्यांचा हा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. म्हणणं सरळ होतं, विषापेक्षा मांजर पाळा.

आज आपल्याला माहीत आहे की मांजराला स्वतःलाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला होऊ शकतो. त्यामुळे इलाज त्यांना वाटला तितका सोपा नव्हता. शिवाय दोन आकडे शेजारी-शेजारी दिसले म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं नसतं, हे डेटा हाताळणाऱ्या कुणालाही पहिल्या वर्षी शिकवतात. तरी मला ब्युकॅनन आवडतात. ऑफिसात बसून हुकूम काढण्याआधी गावात जाऊन कुणाच्या घरी मांजर आहे हे मोजायची त्यांना गरज वाटली. मुंबईच्या हुकमात नेमकं तेच झालं नव्हतं. दारातलं कुत्रं कुणाचं आहे, ते तिथं काय करतं, हे कुणी विचारलंच नाही.

चुंगडीचं काय झालं?

मी बाबांना रेकॉर्डिंग दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं. तिसऱ्या टप्पूला हसले, पण लगेच गंभीर झाले. "खेळ हाय, मान्य. पण खेळता खेळता विहिरीत पडला तर?" हा प्रश्न खरा होता. माझ्याकडे त्यावर इतिहासातलं उत्तर नव्हतं.

उत्तर आजीकडून आलं. मी सातवीत असताना असंच एक मांजर बाबांनी नदीपलीकडे सोडलं होतं. मला फक्त इतकं आठवत होतं की मी रडलो होतो. आजीला पुढचंही आठवत होतं. ती म्हणाली, "त्या पावसाळ्यात उंदरानं ढोलीच्या बुडाले भोक पाडलं होतं. बियाण्याचं धान गेलं. मंग बियाणं विकत आनलं तू. आठवते का नाही?" बाबा काही बोलले नाहीत. आठवत होतं.

मग तोडगा निघाला. विहिरीवर लोखंडी जाळी बसवायची, ती तशीही आजीसाठी बसवायचीच होती. रात्री दहानंतर टायगरला मागच्या पडवीत बांधायचं, म्हणजे शेजाऱ्यांची झोप मोडणार नाही. मांजर राहणार. चुंगडी परत धानाच्या कामाला गेली.

जाळी बसून आता तीन आठवडे झाले. खोडीची वेळ आता संध्याकाळी साताची झाली आहे. तक्रार एकदाच आली, तीही काकूंची, की मांजर हल्ली दूध प्यायला उशिरा येते.

मिस्त्री जाळी लावायला आला तेव्हा त्यानं विचारलं, ठशांवर सिमेंटचा हात फिरवून देऊ का? बाबा नको म्हणाले. ठसे तसेच आहेत. पुढेमागे कुणी आमचं अंगण खणलं तर त्याला वाटेल, इथं एका मांजरामागे एक कुत्रा लागला होता. तुम्हाला मात्र माहीत आहे, आधी शेपटीला टप्पू कुणी मारला ते.

तर मंडळी, या वेळचं काम. तुमच्या घराच्या, वाड्याच्या, शाळेच्या जुन्या विटांत किंवा ओट्याच्या सिमेंटात एखादा पायाचा ठसा सापडला तर फोटो काढून पाठवा. सोबत इतकंच लिहा की ठसा कुणाचा आहे आणि तो उमटला तेव्हा तिथं काय चाललं होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा. भेटू पुढच्या भागात. टायगर, गप रे!